विद्यार्थ्यांचे काम आणि परीक्षकाचा इन्साफ : वैद्यकीय शिक्षणातील पारितोषिकांचा एक मागोवा

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील एका शैक्षणिक संस्थेने वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या प्रकल्पांची स्पर्धा भरवली होती. परीक्षक मंडळात दोन डॉक्टर आणि एक भाषेचा माणूस असावा, असे ठरल्यामुळे प्रस्तुत लेखकाला बोलावणे आले. पहिले पारितोषिक आम्ही एकमताने मधुमेहावरील एका प्रकल्पाला दिले. त्याचे तक्ते रंगीत होते, इंग्रजी सफाईदार होते आणि निष्कर्ष ठाम होते. शेवटच्या टेबलापाशी नर्सिंगची एक विद्यार्थिनी उभी होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एका मुस्लिम वस्तीत गरोदर स्त्रियांसाठी लोहाच्या गोळ्यांची माहिती देणारे उर्दू पत्रक घरोघर वाटले होते. महिन्याभराने त्या पुन्हा त्याच घरांत गेल्या. पत्रक बहुतेकींनी जपून ठेवले होते, पण वाचले जवळजवळ कोणीच नव्हते. घरात बोलली जाणारी भाषा उर्दू असली तरी त्या स्त्रिया शिकल्या होत्या गुजराती शाळेत. उर्दू लिपी त्यांना येत नव्हती. मुलींनी हे सारे जसे घडले तसे लिहून काढले होते.

त्या प्रकल्पाला आम्ही उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा दिले नाही. गुणपत्रिकेवर 'उद्दिष्ट साध्य झाले नाही' हा शेरा माझ्या हातचा आहे. उर्दू शिकवण्यात ज्याची उमेद गेली, त्यानेच उर्दूविषयीचा त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाचून बाजूला ठेवला. ही चूक ध्यानात यायला मला बराच काळ लागला. ती का झाली असावी, याचा शोध घेताना वैद्यकीय शिक्षणातील परीक्षा आणि पारितोषिके यांचा इतिहास चाळावा लागला. त्यातून जे हाती आले ते शिक्षक बंधू-भगिनींपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दांची साक्ष

या विषयात आपण जे शब्द सहज वापरतो त्यांच्याकडे आधी पाहू. 'इनाम' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ कृपा करणे, नेमत देणे. मराठी दप्तरात तो जमिनीच्या देणगीसाठी रूढ झाला, आणि अशा देणग्यांची छाननी करण्यासाठी मुंबई इलाख्यात १८५२ साली इनाम कमिशनचा कायदा झाला. 'बक्षीस' फारसीतून आला. त्याचा अर्थ देणे, दान करणे. 'पारितोषिक' संस्कृत 'परितोष' म्हणजे संतोष यावरून झाला. तिन्ही शब्दांत देणारा मोठा आहे. त्याची कृपा झाली, त्याचे मन झाले, त्याला संतोष वाटला, म्हणून घेणाऱ्याला काही मिळाले.

परीक्षकासाठी मात्र उर्दूत दुसरा शब्द आहे, 'मुन्सिफ', म्हणजे इन्साफ करणारा. 'इन्साफ' आणि 'निस्फ' यांचे मूळ एकच आहे आणि 'निस्फ' म्हणजे अर्धे. ज्याचा जेवढा हिस्सा त्याला तेवढा बरोबर वाटून देणे हा इन्साफाचा गाभा आहे. पारितोषिक देणाऱ्याच्या संतोषावर अवलंबून राहील, की काम करणाऱ्याच्या हिश्शावर, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बगदादमधील परीक्षा

वैद्यांची परीक्षा घेण्याची एक प्रसिद्ध नोंद अब्बासी काळातील आहे. इ.स. ९३१ मध्ये बगदाद येथे एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावल्याचे खलिफा अल-मुक्तदिर यांच्या कानी गेले. त्यांनी सिनान इब्न साबित या राजवैद्यांना शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याची आज्ञा केली. परीक्षा दिलेल्यांची संख्या ८६० च्या वर गेली, असे जुने चरित्रकार सांगतात.

त्यांनीच एक किस्साही नोंदवला आहे. उत्तम पोशाखातील एक भारदस्त वृद्ध सिनान यांच्यापुढे आले. सिनान यांनी त्यांना मानाने बसवले आणि काही ज्ञान ऐकवण्याची विनंती केली. वृद्धाने सोन्याची नाणी पुढे ठेवली आणि आपल्याला धड लिहिता-वाचताही येत नाही, पण पोट यावरच आहे, असे कबूल केले. सिनान यांनी त्यांना किरकोळ उपचारांपुरती मुभा दिली. ज्याची माहिती नाही अशा रोगाला हात लावायचा नाही आणि शीर तोडणे किंवा जुलाब देणे यांसारखे उपाय साध्या आजारापलीकडे करायचे नाहीत, अशी अट घातली. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कोणाकडे शिकलास, असे विचारता त्याने त्याच वृद्धाचे नाव सांगितले. सिनान हसले आणि तीच अट त्यालाही लागू केली.

किश्शात थोडी भर पडली असेल, पण त्यात परीक्षकासाठी दोन गोष्टी आहेत. सिनान पोशाखाला भुलले नाहीत. आणि त्यांनी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढेच न पाहता, याच्या हातून रोग्याला काय होईल, हे पाहिले. निवाड्याच्या वेळी रोगी समोर नव्हता, तरी परीक्षकाच्या मनात तो होता.

कोलकाता आणि मुंबई

आधुनिक वैद्यक शिकवणारी महाविद्यालये आपल्याकडे निघाली ती १८३५ नंतर. त्याआधी मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली होती. मॅक्लेनन यांनी त्यासाठी मराठीतून पुस्तकेही तयार केली. ती शाळा १८३२ मध्ये बंद झाली. कोलकात्याचे मेडिकल कॉलेज १८३५ चे. पुढच्याच वर्षी द्वारकानाथ टागोर यांनी तेथील विद्यार्थ्यांच्या बक्षिसांसाठी दरसाल २००० रुपये याप्रमाणे तीन वर्षे देण्याचे कबूल केले. शवविच्छेदनाचे नाव काढताच घरचे लोक दचकत, अशा त्या काळात उच्चवर्णीय मुलांनी या शिक्षणाकडे वळावे, हा त्यामागचा हेतू होता. अशा वेळी बक्षीस हे एक आमंत्रण असते, हे येथे नोंदवले पाहिजे. ज्या समाजात एखाद्या विद्येविषयी धास्ती आहे, तेथे त्याचा उपयोग होतो.

मुंबईत गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे १८३८ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानातून झालेले रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, जे. सी. लिस्बोआ आणि भाऊ दाजी ही नावे आहेत.

यांपैकी भाऊ दाजी लाड यांचे एक काम आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे. मुंबई सरकारने गुजरातेतील जाडेजा आणि इतर रजपूत घराण्यांतील बालिकाहत्येच्या विरोधात उत्तम निबंध लिहिणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. भाऊ दाजींच्या निबंधाला ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले. तो १८४७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थीच होते. दुसऱ्या क्रमांकाचा निबंध कुंवरजी रुस्तमजी मोदी यांचा. तो १८४९ मध्ये निघाला.

हा प्रश्न बडोद्यालाही परका नव्हता. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनी १८०८ च्या सुमारास जाडेजा सरदारांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले होते. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी सरकारला त्याच विषयावर निबंध मागवावे लागले. कराराने काम भागले नव्हते, एवढे यावरून स्पष्ट होते.

या बक्षिसाची रचना पाहू. विषय सरकारने ठरवला, बक्षीस सरकारने दिले आणि गौरवाचा निबंध इंग्रजीत लिहिला गेला. ज्यांच्या कुशीतून त्या मुली जन्मत होत्या त्या मातांना निवाड्यात जागा असण्याचा प्रश्नच त्या काळी नव्हता. भाऊ दाजींच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निबंधावर पहिला क्रमांक लिहिला गेला म्हणजे विषय संपला नाही. सरकारला १८७० मध्ये बालिकाहत्या प्रतिबंधाचा वेगळा कायदा करावा लागला. स्वतंत्र भारतात १९९४ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा आला. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या गुजरातमध्ये ८९० आणि महाराष्ट्रात ८९४ होती. निबंधाची परीक्षा संपली असली, तरी विषयाची परीक्षा अजून चालू आहे.

त्याच काळात मुंबईत बक्षिसावाचून झालेले एक काम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी आणि इतर तरुण तेथे विनावेतन शिकवीत. पुढे भाऊ दाजींनीही या कामाला मोठा आधार दिला. मुलगी मारू नये असे सांगणारा निबंध आणि मुलीला शिकवणारी शाळा, दोन्ही एकाच पिढीची कामे आहेत. पहिल्याचे मोल ठरवायला परीक्षक मिळाले. दुसऱ्याचे मोल ठरवायचे तर पंचवीस वर्षे थांबावे लागले असते.

भाऊ दाजींच्या उत्तर आयुष्यातील एक गोष्टही लक्षात घ्यावी. कडू कवठाच्या बियांपासून केलेल्या औषधाचे प्रयोग त्यांनी कुष्ठरोग्यांवर केले आणि त्यांची ख्याती पसरली. पण त्या औषधाची कृती त्यांनी पुष्कळ काळ गुप्त ठेवली. त्यामुळे इतर डॉक्टरांना ते पडताळून पाहता आले नाही. जे काम उघडे मांडले जात नाही त्याचा निवाडा कितीही मोठ्या परीक्षकाला करता येत नाही. त्या नर्सिंगच्या मुलींनी आपले अपयश उघडे मांडले होते, ही गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे तिचे वजन कळते.

परदेशातील तीन उदाहरणे

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा निवाडा किती अवघड असतो, हे आणखी तीन प्रसंगांतून दिसते.

पहिला प्रसंग बर्लिनचा. पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या लहान लहान बेटांचे वर्णन केले. या पेशी कशासाठी आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने सरळ लिहिले. त्यांचा मधुमेहाशी असलेला संबंध पुढे कळला, आणि आज त्या पेशींना त्याचेच नाव आहे. त्या दिवशीच्या परीक्षकाने ठाम निष्कर्षालाच गुण द्यायचे ठरवले असते, तर हा प्रबंध मागे पडला असता.

दुसरा प्रसंग पेरू देशातील लिमा शहराचा. १८८५ मध्ये तेथील वैद्यकीय अकादमीने 'व्हेरुगा' नावाच्या स्थानिक रोगावर संशोधनाची स्पर्धा जाहीर केली. दानिएल कारिओन या विद्यार्थ्याने २७ ऑगस्ट रोजी रोग्याच्या गाठीतील रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले आणि लक्षणे लिहीत राहिला. त्याला ओरोया ताप आला, आणि ५ ऑक्टोबर रोजी तो मरण पावला. दोन वेगळे समजले जाणारे रोग एकच आहेत, हे त्याच्या मरणातून दिसून आले. पेरूमध्ये तो दिवस आजही वैद्यकाचा दिन म्हणून पाळतात. कारिओनची निष्ठा थोर होती. परंतु शिक्षकाने विचारायचा प्रश्न निराळा आहे : स्पर्धा जाहीर करताना विद्यार्थ्याच्या आणि रोग्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणी घेतली होती?

तिसरा प्रसंग टोरोंटोचा. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग यांच्यासोबत चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी काम करीत होता. त्या कामातून इन्सुलिन हाती आले. १९२३ चे नोबेल पारितोषिक मात्र बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिओड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा वाटा बेस्टला दिला. मॅक्लिओड यांनी आपला अर्धा वाटा रसायनतज्ज्ञ कॉलिप यांना दिला. 'निस्फ' या शब्दाचा अर्थ उर्दूच्या वर्गात समजावून सांगताना मी आता हेच उदाहरण देतो. परीक्षकांनी जो हिस्सा मोजला नाही, तो मानकऱ्यांना आपल्या पदरचा मोजावा लागला.

आजची व्यवस्था

आपल्या देशात आणि शहरात याची आज काय व्यवस्था आहे? बडोद्याचे मेडिकल कॉलेज १९४९ मध्ये सुरू झाले. सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल त्याला जोडलेले आहे. देशपातळीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली. मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिने काम करायचे, अहवाल द्यायचा, आणि तो स्वीकारला गेला तर प्रमाणपत्र व विद्यावेतन मिळते. प्रस्ताव तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे, मार्गदर्शकाचे किंवा महाविद्यालयाचे नाव कळू नये, अशी त्यात दक्षता घेतली जाते. नामांकित महाविद्यालयाचा शिक्का पाहून गुण देण्याची सवय मोडायची असेल, तर आपल्या लहान महाविद्यालयांनीही ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

जागतिक पातळीवर वैद्यकीय शिक्षकांच्या 'आमी' या युरोपीय संघटनेने २०१२ मध्ये 'अस्पायर' नावाचे गौरव सुरू केले. त्यातील एक विभाग विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी आहे. तेथे गौरव होतो तो संस्थेचा : विद्यार्थ्यांना निर्णयात किती जागा आहे, हे संस्थेने पुराव्यानिशी दाखवायचे असते. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रमाच्या सूचना काढल्या आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याकडे अभ्यासक्रमाच्या काळात सातत्याने लक्ष द्यावे, असे ठरवले. एकाच घरात पुन्हा पुन्हा जाण्याची ही संधी आहे. त्या मुली वस्तीत दुसऱ्यांदा गेल्या म्हणूनच त्यांना खरे काय ते कळले होते.

परीक्षकांसाठी काही सूचना

आपल्या समाजाच्या संस्थांतून नर्सिंग, औषधनिर्माण, युनानी आणि विज्ञान शाखांचे विद्यार्थी असे प्रकल्प करतात, आणि परीक्षक म्हणून बहुधा आपणच बसतो. वरील इतिहासावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, विद्यार्थ्याचा हिस्सा तोंडी विचारून ठरवावा. हा प्रश्न कोणाला सुचला, घरोघर कोण गेले, मार्गदर्शकांनी काय बदलले, हे चार मिनिटांत कळते. गटातील प्रत्येकाला बोलू द्यावे.

दुसरी, फसलेल्या प्रयत्नाची नीट नोंद ही यशाच्या मोघम दाव्यापेक्षा वरची मानावी. त्यासाठी गुणपत्रिकेत वेगळा रकाना असावा.

तिसरी, ज्या लोकांसाठी काम झाले त्यांच्यापैकी एखादी व्यक्ती परीक्षक मंडळात असावी. वस्तीतील आशाताई किंवा एखादी माता तेथे बसली असती, तर पत्रकाचे काय झाले हे तिने आम्हाला सांगितले असते.

चौथी, भाषेला स्वतंत्र गुण असावेत. हे गुण इंग्रजीच्या सफाईला देऊ नयेत. ज्याला सांगायचे त्याला समजेल अशी भाषा आणि लिपी निवडली का, हे पाहावे. बडोद्यात हा प्रश्न उर्दू, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांचा आहे. उर्दूवर प्रेम असणाऱ्यांनी तर तो अधिक गंभीरपणे घ्यावा. आपल्या वस्तीतील स्त्रिया कोणत्या लिपीत वाचतात हे आपण धरून चाललो आहोत, विचारलेले नाही.

पाचवी, लोकांची संमती आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांची कागदपत्रे आधी पाहावीत, तक्ते नंतर.

सहावी, शक्य असेल तेथे पारितोषिकाचा काही भाग वर्षभराने द्यावा. काम पुढे चालू राहिले का, हे पाहून तो द्यावा.

समारोप

सिनान इब्न साबित यांच्यापासून आजच्या शिष्यवृत्तीपर्यंतचा हा प्रवास एका लेखात बसणारा नाही. तरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परीक्षक जेव्हा स्वतःच्या संतोषाकडे पाहतो तेव्हा झगमगाट, आडनाव किंवा संस्थेचा शिक्का जिंकतो. तो जेव्हा कामाच्या हिश्शाकडे आणि रोग्याकडे पाहतो, तेव्हा शेवटच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे त्याचे लक्ष जाते.

त्या विद्यार्थिनीची मी नंतर चौकशी केली. शिक्षण पूर्ण करून ती एका रुग्णालयात नोकरीला लागली होती. मी माझी चूक तिला सांगितली. ती म्हणाली, "सर, बक्षिसाचं राहू द्या. ते पत्रक आम्ही पुढच्या वर्षी गुजरातीत काढलं. तुम्ही तेव्हा बघायला आला असतात तर बरं झालं असतं." त्या वर्षी कोणतीही स्पर्धा नव्हती, म्हणून आमच्यापैकी कोणीही तिकडे फिरकले नव्हते. यंदा आमच्याकडे स्पर्धा होईल तेव्हा परीक्षकांनी आधी वस्तीत जाऊन यावे आणि मग गुण द्यावेत, असा प्रस्ताव मी मांडला आहे.